ढिला दोर

माझ्या घरात मिसळणाचा डबा आहे, पण त्यात हळद-तिखट नाही. एका वाटीत सर्क्लिपांच्या कड्या, एकीत पिस्टनच्या पिना, एकीत कार्बोरेटरचे पडदे, आणि जिथं मोहरी असायची तिथं बारीक स्क्रू. बायको असती तर तिनं डब्यासकट मला अंगणात फेकलं असतं. ती गेल्यावर कितीतरी दिवस मी त्या डब्याला हात लावला नव्हता. मग एकदा स्क्रू ठेवायला काही सापडेना. मोहरीला जाळी धरली होती, ती उकिरड्यावर ओतली आणि तिथं स्क्रू टाकले. कुणी ओरडलं नाही. घरात ओरडणारं माणूस नसलं की घराचं हळूहळू दुकान होतं.

दुकानही आहेच. पालमच्या बसस्टँडमागं. फवारणीचे पंप, पाण्याची लहान इंजिनं आणि झाडं कापायची मशीनं दुरुस्त करतो. त्या मशीनला आमच्याकडं सगळे कटर म्हणतात. हल्ली येतात ती बहुतेक चायना. दिसायला नवरीसारखी, वजनाला हलकी, आणि एक हंगाम झाला की साखळी टिकत नाही, दुसरा झाला की मालक टिकत नाही. लोक येऊन विचारतात, "काका, नवं घ्यावं का जुनं दुरुस्त करावं?" मी विचारतो, कापायचं काय आहे? कुंपणाची येडी बाभळ असेल तर कसलंही घ्या. वाळलेली चिंच असेल तर माझ्याशी बसून बोला. बसून बोलायला कुणाला वेळ नसतो, आणि माझ्याकडं दुसरं काही नसतं.

आमचं मशीन जर्मन. कंपनीचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला करू? एका सरकारी लिलावात भंगाराच्या ढिगातून मी ते उचललं होतं. 'आमचं' म्हणजे माझं आणि साडूंचं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे, पोखर्णीचे. साडू-साडूंची चेष्टा सगळीकडंच चालते, एकाच घरानं फसवलेली दोन माणसं म्हणून. आम्ही त्यापुढं गेलो होतो, कामही एकत्र करायचो. मशीन मी सांभाळायचो, झाड ते कापायचे. परभणीपासून गंगाखेडच्या पलीकडंपर्यंत कुठं विहिरीवर कललेलं, घरावर वाळलेलं अवघड झाड असलं की लोक आम्हाला बोलवायचे.

कटर चालू झालं की माणसाचा आवाज पोचत नाही. मागून कितीही बोंब मारा, कापणाऱ्याला ऐकू जात नाही, आणि त्याला बुंध्यावरून नजर काढून चालत नाही. म्हणून साडूंनी एक रीत काढली होती. त्यांच्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. मी मागं लांब उभं राहून शेंडा बघायचा. एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे मशीन सोड आणि माझ्याकडं पळ. आणि सगळं ठीक असेल तर? तर काही नाही, दोर ढिला सोडायचा. "दोर ढिला हाय तवर मी घरी जेवायलोय असं समजतो," साडू म्हणायचे. काम झालं की मी दोर कोपरावर गुंडाळत गुंडाळत त्यांच्यापाशी जायचो आणि कमरेची गाठ सोडायचो. गाठ मीच सोडायची, त्यांनी नाही, हाही त्यांचाच नियम. माणूस दमला की आधी गाठ सोडतो आणि मग शेवटची फांदी डोक्यात पडते, असं त्यांचं म्हणणं.

साडूंचे कान कधी गेले हे नेमकं सांगता यायचं नाही. आधी ते "आँ?" म्हणायला लागले. मग "आँ?" म्हणायचंही सोडलं आणि नुसते हसून मान डोलवायला लागले. विचारलं चहा घेणार का, तर हसून मान. विचारलं दुखतंय का, तर हसून मान. पोरांनी कानातलं यंत्र आणून दिलं. ते म्हणाले, त्याच्यात भांडी पडल्यासारखं व्हतंय, आणि फडताळात ठेवून दिलं.

तरी कामावर यायचे, कारण आमचं काम कानाचं नव्हतंच, दोराचं होतं. असं मी समजत होतो. एका बांधावरची वाळलेली चिंच कापताना कळलं की ते अर्धं कानाचंही होतं.

जुनं मशीन मरायच्या आधी ओरडतं. आत कुठून तरी जादा हवा शिरली की तेल-पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि त्याचा आवाज चढत जातो. मुरलेला माणूस तो आवाज ऐकताच खटक्यावरचं बोट सोडतो. त्या दिवशी आवाज चढला. मी एक हिसका दिला. साडू थांबले, मशीनकडं न बघता वर शेंड्याकडं बघितलं. झाड तर उभं होतं, काही हललं नव्हतं. त्यांनी पुन्हा बोट दाबलं. मी पुन्हा हिसका दिला. त्यांनी पुन्हा वर बघितलं आणि चिडून मान हलवली. दोराला सांगता येतं थांब म्हणून, कशासाठी ते सांगता येत नाही. दोन हिसके द्यायचं त्या घाईत सुचलंच नाही; मी धावत निघालो, पण पोचायच्या आत मशीन आतल्या आत जाम झालं आणि गप्प झालं.

"मशीन ओरडत होतं!" मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणालो. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. शेतमालक बघत होता, त्याचे गडी बघत होते. साडूंनी मशीन खाली ठेवलं आणि कमरेची गाठ स्वतःच्या हातानं सोडली.

त्यानंतर ते कामाला आले नाहीत. मी अधूनमधून पोखर्णीला जायचो. नरसिंहाचं दर्शन हे निमित्त, खरं काम साडूंकडं. आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, भाकरी वाढायची आणि म्हणायची, "येत जावा, पाव्हणं. ती गेली मनून आमी काय मेलोत का?" तिनं म्हणावं हे बरं वाटायचं. साडूचं नातं बायकांच्या अंगानं आलेलं असतं. बायको गेल्यावर ते कशाला धरून राहतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. साडू मात्र बाजेवर पाठ करून बसायचे. आपण मशीन मारलं हे त्यांनी धरून ठेवलं होतं. एकदा मी समोर बसून, हातवारे करून विचारलं, पालमला येता का, दुकानात बसा माझ्याजवळ. त्यांनी हसून मान डोलवली नाही. म्हणाले, "मशीन चालू झालं की येतो बगा. तवर न्हाई."

मशीन चालू होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या मशीनचे पार्ट बंद होऊन जमाना झाला होता. नाही म्हणायची ती सभ्य रीत होती. पण मी हट्टी माणूस आहे, आणि सरळच लिहून टाकतो, मला फार एकटं वाटत होतं. दिवसाला चार गिऱ्हाइकं आणि पुण्याहून लेकीचा फोन, "जेवलात का बाबा?" एवढंच माझं बोलणं उरलं होतं. साडू शेजारी येऊन नुसते बसले असते तरी चाललं असतं. तर ठरवलं, मशीन चालू करायचं.

खोलल्यावर दिसलं की पिस्टन एका बाजूनं खरवडून निघालाय आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलंय. अशा सिलिंडरला संडास धुवायचं ॲसिड काडीनं जरा जरा लावायचं, चिकटलेलं ॲल्युमिनियम फेसाळून सुटतं, मग बारीक पॉलिश कागद मारायचा. मी तसं केलं. ॲल्युमिनियम सुटलं, पण त्याच्या खाली खोल चरा निघाला. नख अडकेल असा. नख अडकलं की सिलिंडर गेला, याला औषध नाही.

नांदेडला विचारलं, परभणीला विचारलं. सगळीकडं एकच, "काका, नवं घ्या." मोबाईलवरून एक पिस्टन मागवला. डबा जर्मन, आतला माल कुठला ते देव जाणे. जुना पिस्टन एका हातात, नवा दुसऱ्या हातात घेतला तेव्हाच कळलं. वजन वेगळं, खिडक्यांच्या कडा खरखरीत, पिनेचं भोक सैल. तो अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं, राणीसावरगावात असलंच एक मशीन बघितलंय. कुठं? तर कडब्याच्या गंजीवर.

गेलो. खरंच होतं. गंजीवर ताडपत्री, ताडपत्रीला दोऱ्या, आणि एका दोरीला वजन म्हणून आमच्या मशीनचा सख्खा भाऊ लोंबत होता. उन्हापावसानं रंग उडालेला, अंगावर झाड बसून बॉडी तडकलेली. घरात एक म्हातारी बाई होती. मालक वारल्यापासून ते तिथंच आहे म्हणाली.

"मावशी, हे मला पाहिजे."

"घिऊन जावा की. पर माजी ताडपत्री? वारं सुटलं की कडबा रानभर व्हतोय."

"दगड बांधा."

"दगडाला कान हाय का? दोरी कुटं बांधू, तुमच्या नाकाला?"

मशीनच्या मुठीत दोरी ओवता येते, दगडात नाही. बाईचं खरं होतं. वजन दिल्याशिवाय ती मशीन सोडेना. मी पालमला परत आलो, एका बंद पडलेल्या अडत दुकानातून कडीचं जुनं लोखंडी वजन मागून घेतलं आणि पुन्हा एसटीनं राणीसावरगावला गेलो. बाईनं ते हातानं उचलून बघितलं, दोरी बांधली, ओढून बघितली, मग मशीन सोडलं. जाताना म्हणाली, "त्यांचं चालू झालं तर या एकदा घिऊन. आवाज तरी ऐकीन." मी हो म्हणालो. त्या रस्त्यानं परत येताना डोळे भरले होते. का ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

दोन्ही मशीनं पोत्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि दिवसभर नुसती बघितली. मॉडेलचा नंबर एकच, पण आमचं आधीचं, त्या बाईंचं नंतरचं. बाहेरून जुळी, आत फरक. आमची बॉडी धड आणि सिलिंडर गेलेला; त्यांची बॉडी तडकलेली आणि सिलिंडर आतून घासलेल्या तांब्यासारखा लखलखीत. त्यांची कॉइल चांगली होती, म्हणून आमच्या फ्लायव्हीलशी लावून बघितली. ठिणगी पडेना. नंतर कळलं, या मशीनांमध्ये कॉइल आणि फ्लायव्हील जोडीनंच घ्यावी लागतात, एकाची दुसऱ्याला चालत नाही. मग त्यांची जोडी तशीच उचलून आमच्या बॉडीत बसवली. दोन मेलेल्यांतून एक जिवंत होत होतं, आणि मला दिवस कसा गेला हे कळेनासं झालं होतं. कितीतरी दिवसांनी.

शेवटी अडलं एका रबरावर. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक रबरी कॉलर असते. आमची बाहेर काढली, वाकवली, तर घडीच्या आत बारीक चीर. तिथूनच हवा शिरली होती. तेच मशीन ओरडण्याचं कारण. साडूंना वाटत होतं त्यांच्या कानांनी मशीन मारलं. मारलं होतं या चिरेनं. पण कान असते तर चीर पडल्याचं वेळेत कळलं असतं, हेही खरं. म्हणून रबर दाखवून त्यांची समजूत काढण्यात अर्थ नव्हता.

राणीसावरगावच्या मशीनची कॉलर उन्हानं बिस्किटासारखी मोडली. ती कॉलर मिळाली हैदराबादला, जुन्या मालाच्या एका दुकानात. दुकानदार आधी म्हणाला, "चचा, नया लेलो ना, इसके पीछे कायकू पडे?" प्रवासानं माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हणालो, "तेरा बाप बुड्ढा हुआ तो नया लाया क्या?" तो एवढा हसला की खाली बसून त्यानं सगळी पोती उपसली आणि कॉलर काढून दिली. परतीच्या गाडीत मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि सारखा हात लावून बघत राहिलो.

मशीन चालू झालं ते एका दुपारी. बऱ्याच वेळा दोरी ओढल्यावर एकदा खोकलं, मग धरलं. त्याचा आवाज चायनासारखा किंचाळत नाही, जात्यासारखा घरघरतो. मी वर बघितलं, कुणाला तरी सांगायला. दुकानासमोरून एक मोटारसायकलवाला चालला होता. "काका, धूर लय करायलाव!" म्हणून निघून गेला. साडूंना फोन करून उपयोग नव्हता. मी मशीन बंद केलं आणि त्याच्याजवळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून मशीन पोत्यात घातलं, दोर वर ठेवला आणि परभणीच्या गाडीत बसलो. पोखर्णीला उतरून पोतं खांद्यावर घेऊन साडूंच्या अंगणात गेलो. ते लिंबाखाली बाजेवर होते. मी पोतं उघडलं. त्यांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा मशीनकडं. आक्कानं थोरल्या पोराच्या मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून दिलं, मी त्यात तेल मिसळलं आणि दोरी ओढली. कोंबड्या पळाल्या. साडू उठले, वाकून चालत्या मशीनच्या मुठीवर तळवा ठेवला आणि तसेच थांबले. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"आवाज कसा हाय, पाव्हणं?" ते मोठ्यानं म्हणाले.

"लय चांगला!" मी ओरडलो. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई. मला बरं वाटावं मनून समदे कायबी सांगतेत. दोर काडा."

मी दोर काढला. त्यांनी कमरेला बांधला, मशीन उचललं आणि अंगणाच्या कडेला जळणासाठी पडलेल्या बाभळीच्या खोडापाशी गेले. माझ्याकडं पाठ. मी मागं जाऊन टोक धरलं. त्यांनी साखळी लाकडाला लावली. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नाही. भार आला की आवाज खाली बसत होता, भार सुटला की मोकळा होत होता, आणि एकदाही चढला नाही. साडू कापता कापता मध्ये थांबायचे, वाट बघायचे. मी दोर ढिला ठेवला. खोड पार झालं. त्यांनी मशीन बंद केलं, वळले आणि म्हणाले, "बरं हाय मनायचं मग."

आक्कानं चहा दिला. मी साडूंकडं बोट केलं, मग रस्त्याकडं. पालम? मशीन चालू झालं होतं, शब्द त्यांचाच होता. त्यांनी आधी बशीतला चहा संपवला.

"न्हाई व्हायचं, पाव्हणं. मागून गाडी आली तर कळत न्हाई मला. परवा दारातच वाचलो."

मला राग आला. त्यांचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. हैदराबाद केलं, राणीसावरगाव दोनदा केलं, आणि संध्याकाळी पुन्हा मी, दुकान आणि तो मिसळणाचा डबा. मी बशी खाली ठेवली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. मशीन तिथंच राहू द्यावं असं ठरवून मी उठलो, दोराचं टोक उचललं आणि नेहमीसारखा कोपरावर गुंडाळायला लागलो. दुसरं टोक अजून साडूंच्या कमरेला होतं. त्यांनी गाठ सोडली नव्हती.

अर्धा दोर गुंडाळून झाला असेल, तेवढ्यात हाताला एक हिसका बसला.

मी बघितलं. साडू दुसरीकडंच, कोंबड्यांकडं बघत होते, पण दोरावर त्यांची मूठ होती. इतक्या वर्षांत हिसका नेहमी माझ्याकडून त्यांच्याकडं गेला होता. मी वाट बघितली, दुसरा येतो का म्हणून. आला नाही. एकच होता.

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांना तो ऐकू आला नाही, मला आला. मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो आणि दोर ढिला सोडला.